आठवी गल्ली, पोर्ट तीन हजार

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. तरी पत्ता सांगताना 'आठवी गल्ली' एवढ्यावर कोल्हापुरात कुणी थांबत नाही. पुढं लगेच 'अमक्या दवाखान्यासमोर, तमक्या बेकरीच्या मागं' सुरू होतं. पेठेत तर तालमीचं नाव सांगितलं की रिक्षावाला निघालाच. आणि हीच मंडळी वेबसाइट बनवायला बसली की 'लोकलहोस्ट ३०००', 'लोकलहोस्ट ५१७३', 'लोकलहोस्ट ८०००' असा पाढा म्हणत बसतात. लोकलहोस्ट म्हणजे आपलंच मशीन, आणि पुढचा आकडा म्हणजे पोर्ट, त्या मशीनवरचं एकेका साइटचं दार.

पाढा एकवेळ पाठ होतो. खरी गोची कुकीची, म्हणजे साइटनं ब्राउझरात ठेवलेल्या खुणेच्या चिठ्ठीची. ब्राउझर कुकी ठेवताना होस्टचं नाव बघतो, पोर्ट बघत नाही. ३००० वर चपलांचं दुकान आणि ८००० वर गुळाची पेढी चालू असेल, दोन्हीकडं सेशनच्या, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या, कुकीचं नाव एकच असेल (दोन्ही साइटी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये असतील तर ते न बदलता एकच असतं), तर इकडं लॉगिन केलं की तिकडचं लॉगिन उडतं. मग माणूस संध्याकाळभर लॉगिनचा कोड चिवडतो.

म्हणून प्रत्येक साइटला वेगळं नाव द्यायचं. ते 'होस्ट्स' फाइलीत लिहायचं, कुठलं नाव कुठल्या मशीनकडं जातं याची ती यादी. लिनक्स आणि मॅकवर 'इटीसी' फोल्डरातली 'होस्ट्स' फाइल, विंडोजवर 'सिस्टम३२'मधल्या 'ड्रायव्हर्स'च्या आतल्या 'इटीसी'त तीच. एक ओळ: आधी १२७.०.०.१ (आपल्याच मशीनचा आकडी पत्ता), मग जागा सोडून 'चप्पल डॉट टेस्ट'. विंडोजवर नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडायचं, नाहीतर सेव्ह होत नाही. आणि नोटपॅडनं गुपचूप शेपटाला 'डॉट टीएक्सटी' लावलं, तर ती फाइल कुणी वाचत नाही. नाव रोमन लिपीतच लिहायचं. देवनागरीत हौस असेल तर ब्राउझर त्याचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रूप करतो. होस्ट्समध्ये तेच रूप लागतं. तशी २००७ मध्ये इंटरनेटवर चाचणीपुरती 'उदाहरण डॉट परीक्षा' अशी देवनागरी जागा खरोखर उघडली होती. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.

शेपूट 'टेस्ट'चंच का? १९९९ च्या आरएफसी २६०६ नं (इंटरनेटच्या नियमांच्या कागदानं) ते राखून ठेवलंय, उद्या कुणी विकत घेणार नाही. 'डॉट डेव्ह' पूर्वी सगळे सर्रास वापरायचे. ते गूगलचं निघालं आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमनं त्यावर एचटीटीपीएसची (कुलूपबंद जोडणीची) सक्ती केली. रात्रीत साइटी बंद. 'डॉट लोकल' घरातले प्रिंटर वगैरे शोधणाऱ्या एमडीएनएसचं आहे, तिथं घुसलं की मॅकवर पान उघडायला उगाच सेकंद जातात. 'डॉट लोकलहोस्ट' मात्र गुणी: क्रोम आणि फायरफॉक्स होस्ट्सला न विचारताच ते आपल्या मशीनकडं वळवतात, वर सुरक्षितही मानतात. त्यामुळं सर्व्हिस वर्कर (पानामागं चालणारा कोड), कॅमेरा हे एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटशिवाय चालतात. 'डॉट टेस्ट'ला त्यासाठी 'एमकेसर्ट' या साधनानं सर्टिफिकेट काढावं लागतं. त्यातली रूटची, म्हणजे सगळ्या सर्टिफिकेटांवर सही करणारी, खाजगी किल्ली दोस्तालाही द्यायची नाही.

होस्ट्स फाइल गल्लीच्या तोंडापर्यंत सोडते, दारापर्यंत नाही. तिला पोर्ट कळत नाही. ब्राउझर जाऊन ८० किंवा ४४३ वरच उभा राहतो. तिथं एन्जिनएक्स किंवा कॅडी हा वाटाड्या सर्व्हर बसवायचा आणि सांगायचं, चप्पल आली की ३००० ला धाड, गूळ आला की ८००० ला. एन्जिनएक्सच्या 'सर्व्हर नेम'मध्ये स्पेलिंग चुकलं तर तो तक्रार करत नाही, पहिल्या ब्लॉकचं, म्हणजे यादीतल्या पहिल्या साइटचं, पान वाढतो. गूळ मागावा आणि चप्पल दिसावी, ते यामुळं. मूळ 'होस्ट' हेडर (विनंतीसोबत आलेलं साइटचं नाव) पुढं पाठवायची ओळही टाकायची, नाहीतर आतल्या ॲपला स्वतःचं नाव 'लोकलहोस्ट' वाटतं आणि ते लिंका तशाच बनवतं. हेडर पाठवलं की जँगो ४०० ही चूक देऊन अडवतो. त्याच्या 'अलाउड होस्ट्स' या परवानगीच्या यादीत नाव घाला. व्हीट या जावास्क्रिप्टच्या साधनातही तशीच यादी आहे.

दुकानागणिक उपनाव हवं असेल, म्हणजे 'महाद्वार डॉट चप्पल डॉट टेस्ट', तर होस्ट्समध्ये 'सगळी उपनावं' या अर्थाचं फुलीचं (*) चिन्ह चालत नाही. एकेक ओळ लिहा, नाहीतर 'डीएनएसमास्क' हा नावांचे पत्ते सांगणारा छोटा सर्व्हर बसवा. त्यात एका ओळीत अख्खं 'टेस्ट' आपल्या मशीनवर येतं. उबुंटूवर १२७.०.०.५३ च्या पोर्ट ५३ वर सिस्टमडीचा रिझॉल्व्हर (तोही नावांचे पत्ते शोधणारा) आधीच ठाण मांडून असतो. डीएनएसमास्कला फक्त १२७.०.०.१ वर बसायला सांगितलं, म्हणजे 'बाइंड इंटरफेसेस' या सेटिंगसकट, की भांडण मिटतं.

सगळ्यात महागाची चूक वेगळीच. साइट लाइव्ह व्हायच्या आधी गिऱ्हाइकाचं खरं डोमेन होस्ट्समध्ये आपल्या मशीनकडं वळवून बघतात, आणि ती ओळ तशीच राहते. मग महिन्याभरानं गिऱ्हाईक फोनवर सांगतं, 'साइट बंद हाय', आणि इकडं स्क्रीनवर ती झकास उघडलेली असते. अशा वेळी सर्व्हरला हात लावू नका. आधी होस्ट्स उघडा, त्या ओळीपुढं हॅश टाका, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.