केंटच्या हॉप्सना पर्याय शोधताना

ओरेगन राज्यात बीव्हर्टनला राहून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले, मिळत नाहीत अशी तक्रार करणे म्हणजे रत्नागिरीत बसून दशहरीसाठी हळहळण्यासारखे आहे. अमेरिकेतले जवळजवळ सगळे हॉप्स वॉशिंग्टन, आयडाहो आणि ओरेगन या तीन राज्यांत पिकतात आणि विलामेट खोऱ्यातले हॉप्सचे मळे माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहेत. मला मात्र हवे होते ते इंग्लंडमधले ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल, कारण इंग्लिश धाटणीची बेस्ट बिटर ही बिअर घरी करायचे ठरले होते. नेहमीच्या दुकानात हे दोन्ही वाण संपले होते आणि नवा माल कधी येईल याची खात्री कोणी देत नव्हते. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आधीच भरडून आणलेला होता आणि भरडलेला माल्ट फार काळ ठेवता येत नाही, त्यामुळे थांबण्यापेक्षा पर्याय शोधणेच शहाणपणाचे होते. (घरच्यापुरती बिअर करण्याची मुभा अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायद्याने मिळाली, महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने हा छंद मला इथे आल्यावरच जडला.)

पाककृती २० लिटरची होती आणि वॉर्टची, म्हणजे माल्टच्या गोड अर्काची, मूळ घनता १.०४० धरलेली होती. उकळी सुरू झाल्यावर ४० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज घालून ते तासभर उकळायचे, शेवटच्या दहा मिनिटांसाठी २५ ग्रॅम फगल घालायचे आणि आंबवण झाल्यावर फर्मेंटरमध्ये २० ग्रॅम गोल्डिंग्ज कोरडेच टाकायचे, असा तिचा क्रम होता. पर्यायी वाणांचे तक्ते ‘याऐवजी ते’ एवढेच सांगतात, पण तो वाण पाककृतीत नेमके कोणते काम करतो हे विचारत नाहीत. इथे एकच गोल्डिंग्ज सुरुवातीला कडवटपणासाठी आणि शेवटी सुगंधासाठी वापरलेला होता, आणि या दोन कामांसाठी एकच पर्याय शोधण्याचे काही कारण मला दिसेना. म्हणून मी पाककृतीतली वाणांची नावे खोडली आणि तिथे फक्त कामे लिहिली.

कडवटपणाचे काम सर्वांत सोपे, कारण ते हिशेबाने सुटते. हॉप्समधली अल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि त्यातून कडवटपणा येतो. तासाभराच्या उकळीत सुगंधी तेले बहुतेक उडून जातात, त्यामुळे वाण कोणता याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही. गोल्डिंग्जमध्ये ५ टक्के अल्फा आम्ल धरले तर ४० ग्रॅममध्ये ते २ ग्रॅम होते. घरी बिअर करणारे बहुतेक जण जे टिन्सेथ यांचे सूत्र वापरतात, त्यानुसार १.०४० घनतेच्या वॉर्टमध्ये तासाभरात यातला साधारण चौथा हिस्सा कामी येतो, म्हणजे सुमारे २५ आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) मिळतात. दुकानात मॅग्नम हा जर्मन वाण होता आणि त्याच्या पाकिटावर १२.५ टक्के अल्फा छापलेले होते. तेवढीच २ ग्रॅम आम्ले मिळवायला त्याचे १६ ग्रॅम पुरतात. पाकिटावरचा आकडा आणि पिकाचे वर्ष पाहणे मात्र टाळता येत नाही, कारण एकाच वाणाचे अल्फा दर हंगामात वेगळे येते आणि साठवणीत ते घटतही जाते. पुस्तकातली सरासरी घेऊन केलेला हिशेब त्यामुळे हमखास चुकतो.

सुगंधासाठी असा हिशेब उपयोगी पडत नाही. तिथे ग्रॅमला ग्रॅम बदलावे लागते, कारण प्रश्न आम्लांचा नसून तेलांचा असतो. फगलला पर्याय म्हणून बहुतेक तक्ते विलामेटचे नाव देतात आणि त्याला आधार आहे: कॉर्व्हालिस येथील सरकारी संशोधन केंद्राने १९७६ साली आणलेला हा वाण फगलपासूनच पैदा केलेला आहे. पण नुसत्या नात्यावर विसंबून चालत नाही. त्याच केंद्रातून १९७२ साली आलेल्या कॅस्केडच्या वंशावळीतही फगल आहे आणि तरी कॅस्केडला फगलचा वास अजिबात नाही. फगलच्या तेलात ह्युम्युलीन या सुगंधी घटकाचा भाग मोठा, तर कॅस्केडच्या तेलात निम्म्याच्या आसपास मायर्सीन हा दुसराच घटक असतो आणि ह्युम्युलीन बरेच कमी. नावावर जाणे तर त्याहून धोक्याचे. स्टायरियन गोल्डिंग्ज हा स्लोव्हेनियातला वाण नावाने गोल्डिंग्ज असला तरी कुळाने फगल आहे. गोल्डिंग्ज संपला म्हणून तो उचलणाऱ्याच्या हाती नकळत दुसऱ्याच कुळातला हॉप्स पडतो.

तेव्हा शेवटचा निवाडा नाकावर सोपवला. विलामेट, कॅस्केड, स्टायरियन आणि अमेरिकेत लावलेला गोल्डिंग्ज अशी एकेक औंसाची पाकिटे आणली आणि सौम्य, जवळजवळ बिनचवीच्या लागर बिअरच्या बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीचे बूच काढून दळून दाबलेल्या हॉप्सच्या दोन-तीन गोळ्या आत टाकायच्या आणि लगेच नवे बूच ठोकायचे. यात हात चपळ लागतो, कारण गोळी बिअरला टेकताक्षणी तिच्या खरखरीत अंगावर बुडबुडे जमतात आणि हिरवट फेस सरसर गळ्याशी चढतो. बुचाचे यंत्र आधीच बाटलीशेजारी मांडून ठेवले तरी थोडा फेस ओट्यावर सांडतोच. काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून या बाटल्या गाळून चाखल्या की प्रत्येक वाणाचा स्वभाव उघडा पडतो. कॅस्केडची बाटली बायकोने लांबूनच ओळखली. तिच्या मते ते सरळ सरळ पपनस होते. विलामेटला ओल्या मातीचा आणि कोरड्या चहापत्तीचा वास होता, त्यामागे किंचित फूल. स्टायरियन त्याच्या जवळचा, पण थोडा मिरमिरीत. अमेरिकन गोल्डिंग्जमध्ये केंटच्या हॉप्सचा मधाळपणा होता, फक्त जरा फिका.

एवढे झाल्यावर निवड उरलीच नाही. सुरुवातीला १६ ग्रॅम मॅग्नम, शेवटच्या दहा मिनिटांना २५ ग्रॅम विलामेट आणि फर्मेंटरमध्ये उरलेल्या अमेरिकन गोल्डिंग्जपैकी २० ग्रॅम. विलामेटचे अल्फा फगलपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त होते, पण दहा मिनिटांच्या उकळीत त्याने एका आयबीयूचाही फरक पडत नाही, म्हणून तो हिशेब सोडून दिला. उकळीच्या दिवशी एकच गोष्ट ठळकपणे जाणवली: सुरुवातीला ४० ग्रॅमच्या जागी १६ ग्रॅमच पडल्याने भांड्याच्या तळाशी गाळ कमी बसला आणि त्यात शोषले जाणारे वॉर्टही वाचले.

तयार झालेली बिटर वासाला इंग्लिशच होती आणि विलामेट-गोल्डिंग्जची जोडी तिथे शोभली. कडवटपणा मात्र फार नीटस, फार सरळ वाटला. आकड्यांनी तो बरोबर होता, पण इंग्लिश बिटरमध्ये जो जरा खडबडीत, पालेदार कडवटपणा जिभेवर रेंगाळतो तो त्यात नव्हता. माझ्या मते तासभर उकळलेल्या हॉप्सचेही वजन चवीत थोडेफार उतरते, आणि १६ ग्रॅममध्ये ४० ग्रॅमचा पालेदारपणा कुठून येणार. पुढच्या खेपेला मी ती २ ग्रॅम आम्ले वाटून घेतली, ८ ग्रॅम मॅग्नममधून अर्धी आणि ५ टक्के अल्फाच्या २० ग्रॅम विलामेटमधून अर्धी. आयबीयू तेवढेच राहिले, पण घोट अधिक भरीव लागला आणि आता बिटरसाठी मी हेच प्रमाण ठेवतो.

चेक पिल्सनरच्या बाबतीत मी इतका उदार नाही. तिच्यातल्या साझ या चेक हॉप्सला पर्याय म्हणून सुचवला जाणारा स्टर्लिंग साझच्याच रक्ताचा आहे, पण त्यात अल्फा जवळपास दुप्पट असते. सुगंधासाठी तो वजनाला वजन घातला की शेवटच्या भरीतूनही जास्त कडवटपणा उतरतो आणि तेवढा सुरुवातीच्या भरीतून कापावा लागतो. हे सगळे जमते, मी करून पाहिले आहे. पण ज्या बिअरमध्ये एक माल्ट आणि एकच हॉप्स, याखेरीज लपायला जागाच नसते, तिथे दुकानात साझचे ताजे पाकीट येईपर्यंत मी बिटरच करत राहतो.