‘सिलिकोनमुक्त’ या शिक्क्याविषयी

शाम्पूच्या बाटलीवर ‘सिलिकोनमुक्त’ (सिलिकोन म्हणजे केस-त्वचा गुळगुळीत करणारे कृत्रिम पदार्थ) असे ठळक छापण्याची टूम आता परभणीच्या बाजारातही पोहोचली आहे आणि तिच्या मागोमाग ‘सिलिकोनमुळे त्वचेचा श्वास कोंडतो’ ही समजूतही आली आहे. वास्तविक सिलिकोनमधून प्राणवायू इतका सहज आरपार जातो की कॉन्टॅक्ट लेन्ससुद्धा सिलिकोन हायड्रोजेलच्या बनवतात. क्रीममधल्या डायमेथिकोन या सिलिकोनचे रेणू मोठे असल्यामुळे ते त्वचेत न मुरता वरच राहतात आणि आतला ओलावा उडून जाण्याचा वेग कमी करतात. अमेरिकेच्या औषध नियमांत तर १ ते ३० टक्के डायमेथिकोन त्वचारक्षक म्हणून मान्य आहे. (पोटातल्या गॅसवरच्या गोळ्यांतले सिमेथिकोन हे याचेच भावंड, आणि ते आपण बिनदिक्कत गिळतो.)

माझ्या भाचीच्या केसांना लावायच्या सिरमच्या घटकयादीत पहिले नाव सायक्लोपेंटासिलोक्सेन आणि दुसरे डायमेथिकोनॉल आहे; दोन्ही सिलिकोनच. थेंबभर सिरम बोटांवर चोळले की आधी ते पाण्यासारखे पातळ लागते, थोड्या वेळाने पहिला घटक उडून जातो आणि दुसऱ्याचा गुळगुळीत पापुद्रा तेवढा मागे राहतो. विंचरताना केसांचे घर्षण कमी होऊन ते कमी तुटतात ते या पापुद्र्यामुळे. मात्र त्याने केसांचे पोषण होते ही जाहिरातीतली थाप आहे.

‘‘मावशी, पण केस राठ होतात ना याने?’’ असे तिने विचारले. थर साचू शकतो हे खरे, पण साध्या शाम्पूने तो बहुतांशी निघतो. आणि आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, त्याचे खापर पुष्कळदा सिलिकोनवर फुटते.

आक्षेप घ्यायचाच तर तो उडून जाणाऱ्या वलयाकार (कड्यासारखे बंद रेणू असलेल्या) सिलिकोनांवर घ्यावा, कारण ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साचतात. त्यांपैकी डी४ (सायक्लोटेट्रासिलोक्सेन) प्रजननक्षमतेला बाधक असल्याचा संशय असल्याने युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरावर बंदी घातली. धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत डी५, म्हणजे भाचीच्या सिरममधला तो पहिला घटक, जानेवारी २०२० अखेरपासून ०.१ टक्क्यापुरता मर्यादित केला आणि लावून ठेवण्याच्या प्रसाधनांना तीच मर्यादा जून २०२७ पासून लागू होणार आहे. त्यामुळे बाटली घेताना समोरच्या शिक्क्याऐवजी मागच्या यादीत ‘सायक्लो’ने सुरू होणारे नाव आहे का, एवढेच मी तिला पाहायला सांगितले.