चिमणरावांचे मास्तर पालीचे

पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो, लेखकाने अजून काय काय लिहिलंय ते बघायला. घरात या खोडीवरून बोलणी खातो. तर परवा दुपारी जेवून आडवा झालो होतो, हातात चिमणराव-गुंड्याभाऊवाले चिं. वि. जोशी, आणि यादीत 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'वायफळाचा मळा' या विनोदी पुस्तकांच्या पंगतीत चक्क 'शाक्यमुनी गौतम' आणि 'जातकांतील निवडक गोष्टी'! झोप उडाली.

आमच्याकडे चिमणरावांच्या गोष्टी आजोबा वाचून दाखवायचे. म्हणजे वाचायचे कमी, हसायचेच जास्त, वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं पोट हलायला लागायचं आणि मग चष्मा काढून डोळे पुसणं, तोवर आम्ही पोरं ताटकळत, पुढे काय झालं, चिमणरावांची बायको काऊ काय म्हणाली, सांगा ना! पुढे टीव्हीमुळे चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे हे डोक्यात जे बसलं ते बसलंच. त्या सगळ्यामागचा माणूस बडोद्याच्या कॉलेजात पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकवत होता, फर्ग्युसनमध्ये बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या हाताखाली शिकलेला, 'चिमणरावाचे चऱ्हाट' आलं १९३३ साली पण पालीचं इंग्रजी पुस्तक १९१६लाच काढून मोकळा, हे कुणी सांगितलंच नाही कधी.

मग जातकं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली गोष्टी, काढून बसलो. एका गोष्टीत राजाच्या बागेचा माळी जत्रेला जाताना माकडांना रोपांना पाणी घालायला सांगतो, तर माकडांचा राजा म्हणतो, पाणी वाया घालवू नका रे, आधी रोप उपटून मूळ किती लांब आहे ते बघा आणि त्या हिशोबाने घाला. हा चिमणरावच की! दुसरीत बापाच्या टकलावर डास बसतो आणि मुलगा तो मारायला कुऱ्हाड उचलतो. इथे कुऱ्हाडीच्या जागी सोटा दिला की गुंड्याभाऊ तयार. मनापासून मदत करायला जाऊन वाट लावणारी ही जमात दोन हजार वर्षं आहे तशीच आहे, आणि आयुष्यभर त्यांची गोष्ट पालीत वाचणाऱ्या माणसाला सदाशिव पेठी धोतरातही ती बरोब्बर ओळखू आली असणार. निदान मी तरी असंच धरून चाललोय.

आजोबांनी पालीचं नाव कधी काढलं नाही. काढलं असतं तरी मी गुंड्याभाऊ कधी येणार म्हणून भुणभुणच लावली असती म्हणा.