तळहाताला घाम, कागद ओला

काल साताऱ्यात माझ्या विहिरींवरच्या पुस्तकाबद्दल बोलायचं होतं. समोर जेमतेम पस्तीस माणसं, तरी पहिली पाच मिनिटं घशातून आवाजच फुटेना. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीवर सात वर्षं काम केलंय. १७१९ ते १७२४ मधलं ते अष्टकोनी बांधकाम मला डोळे मिटूनही दिसतं. पण माइक हातात आला की सगळं कुठे जातं कोण जाणे. शेवटी कागद बाजूला ठेवला आणि एकाच वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पिशव्या, कशा चालत असतील, तेवढंच सांगायला घेतलं.

तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. लहानपणी त्यांनी स्वतः मोट हाकली होती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीजवळच्या उतारावरून, खाली कसे उतरतात, नाडा, म्हणजे मोट ओढणारा जाड दोर, कसा ताणला जातो, सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेची बारीक दोरी, ढिला पडला तर मोट थारोळ्याच्या, म्हणजे पाणी ओतायच्या कुंडीच्या, आधीच कशी सांडते, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. मी व्यासपीठावरून उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसले. सोंदुराबद्दल माझ्या पुस्तकात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी कराडला बोलायचंय. त्याआधी आजोबांच्या गावी जाऊन येणार आहे, वही घेऊन.