यात्स्कोवोतलं पोलिश जेवण

शिकागोत ब्ल्यू लाइनच्या बेलमाँट स्टेशनवर उतरले आणि मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूकडे चालू लागले. हा अ‍ॅव्हनडेलचा भाग. इथल्या संत यात्सेकच्या तीन मनोऱ्यांच्या चर्चवरून पोलिश माणसं याला ‘यात्स्कोवो’ म्हणतात.

हॉटेल साधंच. एकदा पैसे भरायचे आणि हवं तेवढं वाढून घ्यायचं. मी पहिल्यांदा झुरेक घेतलं. राय या गव्हासारख्या धान्याचं पीठ पाण्यात चारपाच दिवस आंबवून केलेलं हे सूप, वर अंडं आणि पांढरं सॉसेज. पहिल्या घोटालाच आईची आंबील आठवली. तोच आंबटपणा, पोटात शांत उतरणारा. कोबीच्या पानात भात नि खिमा गुंडाळून शिजवलेले गोवोम्प्की मऊ होते. बिगोस म्हणजे आंबवलेला कोबी आणि मांस, तासन्‌तास मुरवलेलं. तो मला फार जड गेला. काकडीची मिझेरिया मात्र आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण, फक्त दह्याऐवजी आंबट साय.

खरी गुंतले ती पिएरोगीत. करंजीच्या आकाराची, पण उकडलेली. आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, वर परतलेला कांदा. यांना ‘रुस्किए’ म्हणतात. त्याचा रशियाशी संबंध नाही. नाव पडलं रुथेनियावरून, म्हणजे ल्वूफच्या आसपासच्या मुलखावरून. आज तो युक्रेनमध्ये आहे, दुसऱ्या महायुद्धाआधी पोलंडमध्ये होता.

मी कोल्हापूरची, त्यामुळे हे कळल्यावर घास हातातच राहिला. पूर्व पोलंडच्या त्याच पट्ट्यातून सोव्हिएत फौजांनी हजारो कुटुंबं सैबेरियाकडे नेली. त्यांतली सुमारे 5,000 माणसं, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे आमच्या वळिवड्याला आली आणि 1943 ते 1948 तिथल्या छावणीत राहिली. आता तिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे. लहानपणी महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाजवळ आम्ही खेळायचो. त्या बायकांनीही वळिवड्यात अशीच पिएरोगी वळली असतील का, सारणात काय घातलं असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

वाढणाऱ्या आजींना फोनवर त्या स्मारकाचा फोटो दाखवला. त्यांना वळिवडे ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि बराच वेळ फोन परत दिला नाही. मग काही न बोलता माझ्या ताटात आणखी चार पिएरोगी वाढल्या.