पंप, प्राणायाम आणि दमा

गळीत हंगाम सुरू झाला, की कोल्हापूरच्या शिवारात पाचट पेटते, धूर आणि गारठा एकदमच उतरतो आणि आम्हा दमेकऱ्यांची छाती घरघरू लागते. अशा वेळी रंकाळ्यावर ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते, त्यापेक्षा प्राणायाम करा’ हा सल्ला हमखास मिळतो. प्राणायाम जरूर करावा. पण पंपाऐवजी नव्हे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि ती उतरवण्याचे काम इनहेलरमधले स्टेरॉइड करते. श्वसनाच्या व्यायामाचा उपयोग वेगळा आहे. अनेक दमेकऱ्यांना तोंडाने, छातीच्या वरच्या भागातून भरभर श्वास घेण्याची सवय जडते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, माणूस घाबरतो आणि घाबरल्यामुळे श्वास आणखी वाढतो. सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टंटिन बुटेको यांनी १९५० च्या दशकात या अतिश्वसनालाच दम्याचे मूळ ठरवले. तो दावा टिकला नाही, पण नाकाने, संथ आणि थोडा श्वास घेण्याचा त्यांचा आग्रह उपयोगी ठरला. ब्रिटनमधील ६५५ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे व्यायाम शिकलेल्यांचे रोजचे जगणे सुसह्य झाले. फुफ्फुसांची क्षमता आणि सूज मात्र होती तशीच राहिली. विशेष म्हणजे घरी डीव्हीडी पाहून शिकलेल्यांनाही फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांइतकाच लाभ झाला.

मी करते तो प्रकार साधा आहे. पाठीवर उताणे पडून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायचा. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ श्वास सोडायचा. सुरुवातीला छातीवरचा हातच जास्त हलतो, त्याला इलाज सरावाचाच.

भस्त्रिका आणि कपालभाती मी थंडीच्या पहाटे उघड्यावर करत नाही, कारण गार, कोरडी हवा जोरजोराने ओढली की श्वासनलिका आवळतात. अनुलोम-विलोम त्या मानाने सोसतो, तोही श्वास न कोंडता. दम लागलाच, तर आधी डॉक्टरांनी सांगितलेला, लगेच आराम देणारा पंप घ्यावा, आणि एका दमात एक वाक्यही पुरे होत नसेल, तर सरळ दवाखाना गाठावा.