जिंजी: वेढा घालणाऱ्यांचीच उपासमार

तमिळनाडूत तिंडिवनमहून तिरुवण्णामलैला जाणारा रस्ता जिंजीच्या किल्ल्यातूनच जातो. शेजारून नव्हे, आतून. रस्त्यासाठी फोडलेली तटबंदी ओलांडली की उजवीकडे कृष्णगिरी, डावीकडे राजगिरी आणि त्याच्या अलीकडे चंद्रायणदुर्ग. कंडक्टर ‘सेंजी, सेंजी’ ओरडत असतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना हे डोंगर खोटेच वाटतात. ग्रॅनाइटचे घराएवढे गोटे एकावर एक रचून ठेवलेत आणि कुणीतरी हात लावला तर घरंगळतील, असं काहीतरी.

२०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. मला मात्र इथे आणलं ते एका जुन्या हिशेबाने. १६९०मध्ये औरंगजेबाचा सरदार जुल्फिकारखान मराठ्यांच्या जिंजीसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा एखाद्या तटस्थ माणसाने पैज कुणावर लावली असती?

उत्तर सोपं होतं: मुघलांवर. विजापूर १६८६मध्ये बुडालं, गोवळकोंडा १६८७मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली होती आणि रायगड घेणारा सरदार हाच जुल्फिकारखान. समोर जेमतेम विशीतले राजाराम महाराज, वेषांतर करून कसेबसे इथवर पोहोचलेले. खजिना रिकामा. इतका रिकामा, की कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला त्याच साली इंग्रजांना विकावा लागला. तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवरची गावं किल्ल्यासोबत द्यायची, असा तो सौदा. इंग्रजांनी अर्थातच लांब पल्ल्याची तोफ शोधून काढली असणार! किल्ल्याचं पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झालं. पगाराऐवजी वतनाच्या सनदा वाटणारं सरकार आणि दिल्लीचा खजिना पाठीशी असलेली फौज, असा हा सामना.

मग प्रत्यक्ष किल्ला पाहिला आणि हिशेब डळमळायला लागला.

पायथ्याशी कल्याण महाल आहे, मजल्यावर मजले चढवलेला. फोटो सगळे त्याचेच काढतात. मी जास्त वेळ घालवला तो धान्यकोठारांत. जाड भिंती, कमानीचं छत, आत गारवा. कोठारं मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळातली आणि त्यांच्याच जोडीला तलाव, टाकी, वर डोंगरात झरे. १६७७मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला तेव्हा त्यांनी काय हेरलं असेल, ते इथे कळतं. राजाराम महाराजांकडे पैसा नव्हता हे खरं, पण पोट आणि पाणी यांची सोय तटाच्या आतच होती.

राजगिरीच्या पायऱ्या घाम काढतात आणि माकडं पिशव्या. माथ्याच्या जरा आधी कातळात एक खोल भेग आहे. पूल काढून घेतला की वरचा बालेकिल्ला उरलेल्या जगापासून तुटतो. पण खरा धडा वर पोहोचून चारी बाजूंना बघण्यात आहे. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा मैलोन्‌मैल तट. याला बाहेरून वेढा घालायचा म्हणजे त्याहून कितीतरी मोठं वर्तुळ माणसांनी भरून काढायचं आणि त्या माणसांना रोज धान्य पुरवायचं. बादशहाची छावणी शेकडो मैलांवर उत्तरेला. मधला सगळा मुलूख मराठ्यांच्या घोड्यांना मोकळा. जुल्फिकारखानाला पहिल्या फेरीत किल्ला पुरता वेढताही आला नाही. कुमक मागावी लागली, तेव्हा त्याचे वडील वजीर असदखान आणि शहजादा कामबक्ष आले. तोंडं आणखी वाढली.

डिसेंबर १६९२मध्ये संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव उतरले. संताजींनी कावेरीपाकजवळ कांचीचा फौजदार अलीमर्दानखान याला पकडला. धनाजींच्या हाती मुघल सरदार इस्माईलखान मका लागला. रसद तुटली आणि छावणीत दाणा मिळेना. त्यात औरंगजेब मेल्याची आवई उठली. कामबक्षाने आत राजाराम महाराजांशी गुप्त बोलणी लावली, म्हणून वजिरानेच शहजाद्याला कैद केलं. जिंकायला आलेल्या सेनेने मोठ्या तोफांच्या कान्यांत, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रांत, खिळे ठोकून त्या निकामी केल्या आणि जानेवारी १६९३मध्ये वांदिवाशची वाट धरली.

आपल्याकडे हे सगळं संताजी-धनाजींच्या पराक्रमाखाली जमा होतं. पराक्रम होताच, पण मला त्यात मारापेक्षा निवड मोठी वाटते. तटाखालच्या मोर्चांवर डोकं आपटण्याऐवजी त्यांनी आधी वाटेवरचे फौजदार उचलले. तीन वर्षांनी दोड्डेरीला संताजींनी मुघल सरदार कासिमखानाच्या फौजेला गढीत कोंडून भुकेने शरण आणलं, तोही हाच डाव.

मुघलांच्या बाजूने लिहिणारा भीमसेन सक्सेना या मोहिमेत होता. त्याचा रोख स्पष्ट आहे: खानाच्या मनात असतं तर किल्ला केव्हाच पडला असता, सरदारांना मोहिमा लांबवायची सवयच असते. खानाचं मराठ्यांशी संधान होतं, हा संशय इतिहासकारही घेतात. मला तो अर्धाच पटतो. खान लबाड असेल, पण लबाडी करायला वाव मिळाला तो या भूगोलामुळे. गोवळकोंड्याबाहेर बादशहा स्वतः बसला होता, इथे त्याची नजर पोहोचत नव्हती.

तरी शेवटी किल्ला पडलाच, १६९८च्या सुरुवातीला. पैज लावणारा कागदोपत्री जिंकला म्हणायचा. पण राजाराम महाराज आधीच वेल्लोरमार्गे निसटून विशाळगडाच्या वाटेला लागले होते. या सुटकेसाठी मुघल सैन्यातल्या गणोजी शिर्क्यांना वळवायला महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी आपलं दाभोळचं वतन सोडलं, अशी बखरीतली हकीकत. औरंगजेबाने किल्ल्याला ‘नुसरतगड’ नाव दिलं, जुल्फिकारखानाच्या ‘नुसरतजंग’ या किताबावरून. याच खानाने १७०७मध्ये शाहू महाराजांना कैदेतून सोडावं असा सल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याला दिला, हे लक्षात घेतलं की माणूस आणखीच गूढ होतो.

जाणार असाल तर सकाळीच राजगिरी चढा, कारण दुपार कलल्यावर वर सोडत नाहीत आणि उन्हात ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. पाणी भरपूर घ्या, खाऊ मात्र हातात दिसू देऊ नका. कृष्णगिरीला त्या मानाने कुणी फिरकत नाही. तिथून राजगिरी पूर्ण दिसतो आणि वेढ्याचा परीघ राजगिरीवरच्यापेक्षाही नीट मोजता येतो.